अकरा सेंटिमीटर

मी शाळेत येते ती शाळा सुटल्यावर.
बादली, फडकं, लांब दांड्याचा ब्रश.
मुलांना ओळखते त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंवरून:
टायगचा एकच हातमोजा,
साइव्हची चावलेली पेन्सिल,
आणि यंदा मे महिन्यात, कॉरिडॉरच्या भिंतीवर
अख्खं आयर्लंड.

सहा तुकडे, चिकटपट्टीने जोडलेले.
एक जरा तिरका बसलाय, म्हणून शॅनन नदी
एका जागी तुटते
आणि बोटभर बाजूला पुन्हा वाहू लागते.
वर मालिन हेड, खाली मिझेन हेड,
मधे लाल लोकर, रस्त्यासारखी वळत गेलेली,
एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर.
कोपऱ्यात कुणाच्या तरी ढबोळ्या अक्षरात:
एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर.
'पाच'खाली दोन रेघा.

लोकरीवर एक टाचणी. ती म्हणजे फिंटन ब्रोगन,
एकतीस वर्षं आमचा पोस्टमन.
कुठलं फाटक कण्हतं, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो,
सगळं पाठ.
निवृत्त झाला तेव्हा म्हणाला,
आता खांद्यावर पत्रं नसताना चालून बघतो.
पैसे जमवायचे ते नव्या गाडीसाठी,
डायलिसिसच्या लोकांना इस्पितळात नेणाऱ्या.
जुनीचं दार दोरीने बांधावं लागतं.

तो दुपारी फोन करतो, मुलं टाचणी सरकवतात.
चार सेंटिमीटर. कधी पाच.
"काल तीनच का?" एक चिठ्ठी.
खाली दुसऱ्या अक्षरात:
"नकाशात वारा काढलेला नसतो."

एका मंगळवारी माझ्या ब्रशने टाचणी पडली.
लादीवर टिंग.
चष्मा घरी. अंदाजाने खोचली.
बुधवारी फळ्यावर:
"फिंटन लॉक डर्गमध्ये बुडाला! कुणी केलं?"
आणि खाली सगळा तपास, परवाचं गाव, कालचा फोन,
पट्टी, वजाबाकी, एक खाडाखोड.
टाचणी पुन्हा काठावर आली होती.
तळ्यात राहिलं होतं एक बारीक भोक.

मी खडू घेतला. लिहिलं:
मी केलं. नोरीन, झाडणारी. चूक झाली.
माझा नवरा त्याच गाडीने जातो-येतो,
तो यायच्या आत घरी पोचायचं असतं, म्हणून घाई.

गुरुवारी उत्तर: "किती लांब जातात ते?"
सोमवार, बुधवार, शुक्रवार, मी लिहिलं. लेटरकेनी.

शुक्रवारी भिंतीवर निळी लोकर.
आमच्या गावापासून इस्पितळापर्यंत अकरा सेंटिमीटर.
शेजारी कागद:
जाऊन येऊन बावीस.
आठवड्याला सहासष्ट.
दोन आठवड्यांना एकशे बत्तीस.
"म्हणजे मॅलाची काका दर पंधरा दिवसांनी देश ओलांडतात
आणि चार सेंटिमीटर समुद्रात जातात."
पुढे कुणी तरी सहा वर्षांचा गुणाकार मांडला होता.
कागद पुरला नव्हता.

ब्रश भिंतीला टेकवून मी उभी राहिले.
ही सहा वर्षं मी गोळ्यांत मोजली,
मापून दिलेल्या पाण्याच्या पेल्यांत,
रात्री किती वेळा दिवा लागला त्यात.
लोकरीत कधी मोजली नव्हती.

घरी सांगितलं. तो त्याचा अर्धा कप चहा
पुरवून पुरवून पीत होता.
"देश ओलांडला?" म्हणाला,
"मग पायाला एकही फोड कसा नाही?"

मी भांडी घासायला घेतली.
बऱ्याच वेळाने आतून आवाज आला:
"समुद्रात कुठल्या बाजूला गं?"

म्हटलं, ते अजून ठरलेलं नाही.
टाचणी ठेवलीय त्यांनी काढून, निळ्या डोक्याची.
तुलाच विचारणार आहेत.