कळवतो

भंगाळे साहेब म्हणाले, "कळवतो."
मंगळवारची गोष्ट. आज सोमवार.
मधल्या पाच दिवसांत हा एक शब्द
मी उन्हात टाकून पाहिला, उलटा करून पाहिला,
मानसीच्या शाळेतल्या बाईंना विचारावंसं वाटलं
की यात होकार नक्की कुठल्या अक्षरात असतो.

मेहरूणमधल्या आमच्या घरात रेंज एकाच जागी येते,
खिडकीशी, गव्हाच्या कोठीवर.
तिथे फोन चार्जरला लावून ठेवलाय,
सलाईन लावलेल्या पेशंटसारखा.
वाजला: कर्ज हवंय का.
वाजला: गॅसवाला, गल्ली विचारत.
वाजला: एरंडोलहून नणंद. तिला म्हटलं,
ताई, नंतर करते, लाईन मोकळी असू दे.
तिला राग आला. बरोबर आहे तिचं.

काम मीच सोडलं होतं, अडीच वर्षांपूर्वी.
सासूबाईंचा डावा हात गेला, मग पाय, मग बोलणं.
साहेब तेव्हा म्हणाले होते,
"केव्हाही परत या ज्योत्स्नाताई, तुमच्यासारखा हात नाही."
केव्हाही. तोही एक शब्दच.
सासूबाई दिवाळीनंतर गेल्या.
चौदावं झालं, आणि लाज वाटावी इतक्या लवकर
मला कारखान्याचा वास आठवला,
तापल्या प्लास्टिकचा, गोडसर, डोकं धरणारा.

चटई तपासायचे मी. टेबल नंबर चार.
ट्यूबखाली पसरायची, तळवा उलटा फिरवायचा;
पट्टी जिथे सुटली तिथे हात आपोआप थांबतो,
डोळ्यांच्या आधी.
खडूची फुली. सेकंड.
सेकंडचा माल आम्हाला अर्ध्या भावात मिळे.
घरातल्या तिन्ही चटया तशाच, माझ्याच फुलीच्या.
यांना आजवर त्यांत एक चूक सापडलेली नाही.
मला अंधारातही सापडते.
काल झोप येईना, तर मोराच्या पिसाऱ्यातली
सुटलेली निळी पट्टी बोटाने चाचपत पडले होते,
आणि वाटलं, आत्ता तिकडे टेबलावर
मी पसरलेली असेन.
वय बेचाळीस. मधे अडीच वर्षं सुटलेली.

"फोन उना का वं?" भिंतीपलीकडून लीलाबाई.
रोज विचारते, रोज ओंजळभर बोरं देते.
बिया मी अंगणात टाकत नाही, मोजल्या जातील म्हणून.
कंपनीची बस सकाळी पावणेसातला कोपऱ्यावर थांबते.
मी दुधाला तेव्हाच निघते.
दूध साडेसहालाही मिळतं.

आज संध्याकाळी कळण्याच्या भाकरी थापत होते
(उडीद-ज्वारीच्या; नावावर जाऊ नये),
आणि वाजला. कारखान्याचा नंबर, पाठ आहे मला.
पिठाच्या हातानेच घेतला.
"ताई, मी कावेरी. टेबल चारवर असते.
ड्रॉवरला आतून तुमचा नंबर लिहिलेला दिसला.
ताई, निळ्यावरची निळी पट्टी सुटली तर ओळखायची कशी?
रोज माल परत येतोय. साहेब बोलतात."

कोठीशी उभी राहून मी सांगितलं.
सगळं सांगितलं.
डोळे मीट. नखं काप.
काठापासून सुरू कर, मधून कधीच नाही.
सुटल्या पट्टीवर तळवा जरासा खर्र करतो, ते ऐक.
ती "हो ताई, हो ताई" म्हणत होती.
तिच्या मागे माग चालू होते.
थोडा वेळ मी त्यांचंच ऐकलं.

मग तिने ठेवला. मी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर
तिचीच खुर्ची मागितल्यासारखं झालं असतं.
तव्यावरची भाकर एका अंगाने करपली होती,
ती माझ्या ताटात घेतली.
मानसी म्हणाली, "कोण होतं गं?"
"टेबल चार," म्हटलं.
फोनच्या काचेवर पिठाची पाच बोटं होती.
न पुसता कोठीवर ठेवला.
चार्जिंग सत्त्याण्णव होतं.
तरी लावला.