बुडालं तर

तालिनच्या बंदरावर बर्फ अजून हटलेलं नाही.
सातव्या मजल्यावरून हेलसिंकीची बोट दिसते,
पोटात ट्रक भरून निघालेली,
आणि काचेच्या अलीकडे मी,
वीस वर्षांत बाराशे जणांना 'नाही' म्हणालेली बाई.

'हो' फक्त एकोणीस वेळा.
त्यातल्या अकरा कंपन्या बुडाल्या,
पाच कशाबशा तरंगतात,
दोघींनी मुद्दल तेवढं परत केलं,
आणि एकीने सगळ्यांचं भरून काढून वर उरवलं.
असाच आहे हा धंदा :
एका गायीच्या दुधावर अख्खा गोठा.

पुढच्या महिन्यात ऑफिस हलवायचं आहे,
म्हणून जुन्या वह्या काढल्या.
एका पानावर रास्मुस, ड्रोनवाला, वय सव्वीस.
खाली माझंच तिरकं अक्षर :
किती मोठं होईल?
पाच वर्षांत किती देशांत?
अजून दुप्पट पैसे दिले तर?
शेजारच्या पानावर लीलो.
जमिनीखाली धावणाऱ्या गरम पाण्याच्या नळांना
कान लावणारं यंत्र घेऊन आली होती,
गळती कुठं आहे ते ऐकणारं.
तिच्या नावाखाली :
बुडालं तर?
नगरपालिकेनं करार मोडला तर?
मूल झालं तर?
हा शेवटचा प्रश्न खोडलेला आहे.
पण खोडण्याआधी मी तो विचारला होता.

दोघांनीही विचारलं तेवढंच सांगितलं.
तो फळ्यावर जगाचा नकाशा काढत गेला,
ती बिचारी तासभर
छपराची एकेक कौल धरून उभी राहिली.
त्याला वीस लाख युरो.
तिला कॉफी, आणि 'संपर्कात राहू या.'

(रास्मुस त्या अकरांत आहे.)

मी स्वतःला समजावलं : मी ब्याण्णवची मुलगी.
अकरा वर्षांची होते, जूनमध्ये
आई पासपोर्ट छातीशी धरून रांगेत उभी,
रुबल द्यायचे, क्रोन घ्यायचे, तेही ठरावीकच.
बाकीचे, पियानोसाठी साठवलेले,
लोणच्याच्या बरणीत राहिले ते राहिलेच.
'बुडालं तर' मी त्या रांगेत शिकले,
कुठल्या बिझनेस स्कूलमध्ये नाही.

छान उत्तर होतं. चार दिवस पुरलं.
पाचव्या दिवशी दात घासताना वाटलं,
मग त्याला का नाही विचारलं?
रांग तर तीच होती.

लीलोकडे आता तार्तूत साठ माणसं आहेत.
तिच्या पुढच्या राउंडसाठी मोठमोठे फंड ताटकळत आहेत,
त्यांच्या मागे मी, अकराव्या नंबरवर,
आणि किंमत तेव्हाच्या चाळीसपट.
गुरुवारी भेट आहे.
तिनं आधीच मेल पाठवली, एवढीच :
'तुम्ही किती वर्षं थांबू शकता?'
ना टोमणा, ना जुनी आठवण.
माझ्या फंडाची मुदत सहा वर्षांत संपते.
सहा लिहिलं. खोडलं. परत सहा लिहिलं.

संध्याकाळी चालत घरी निघाले.
वसाहतीतल्या इमारतींमधून, सगळीकडे गुडघाभर बर्फ,
आणि मधूनच एक लांब, उघडा पट्टा,
जिथून खालचा नळ जातो.
फेब्रुवारीत तिथं गवत होतं. हिरवं.
म्हणजे उष्णता वाया जात होती,
कुणाच्या तरी बिलात चढत होती,
आणि तिच्यावर एक करडं मांजर
पाय पोटाखाली घेऊन बसलं होतं,
जणू हे सगळं त्याच्याचसाठी केलंय.

मी थोडा वेळ उभी राहिले तिथं.
बुटांच्या तळव्यांतून ऊब वर येत होती.
ऐकू मात्र काहीच आलं नाही.