मधाचा दोर

करडीमलैच्या पायथ्याशी पूंगावनम
पहारीनं वारूळ उकरता उकरता थांबली.
घोरपड? म्हणाली, आणि हसली
दात नसलेलं सगळं तोंड उघडून.
रायर, घोरपड कड्याला लावली असती
तर आमच्या माणसांनी ती आधी भाजून खाल्ली असती.
दोर होता. मधाचा.

माणैच्या वेलीचा, पिळून पिळून केलेला,
वर खोडाला गाठ आणि गाठीपाशी मेहुणा.
नवरा कड्यावर लोंबतो तेव्हा वर
बायकोचाच भाऊ बसवायचा.
सख्ख्या भावाचा काय नेम, त्याला वहिनी हवी असेल.
बहिणीला कोण रंडकी करेल?

अवसेची रात्र. मध काढायची तीच,
गड घ्यायचीही तीच.
वेळ्ळैयन दातात चूड धरून उतरला,
दोर सोडून कपारीत सरकला, आग्या मोहोळापाशी.
मग दोराला वजन आलं.

एक हिसका म्हणजे ओढ, दोन म्हणजे थांब.
हे हिसके नव्हते.
एट्टियान गाठीवर हात ठेवून ऐकत राहिला.
कड्याच्या ओठावर बोटं आली, मग पागोटं,
मग दातात धरलेली तलवार.
तीनशे होते, तुम्ही म्हणता.
त्याला विसापुढे मोजता येत नव्हतं,
विसाच्या तीन खेपा झाल्यावर त्यानं सोडून दिलं.
त्यातल्या एकानं दम खात
त्याच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाला
आणि अंधारात गेला.

मग दार, मशाली, किंकाळ्या.
काहीजण मागे फिरले, दोराकडे धावले.
त्यांच्यापुढे धावत कुणी एक आला
आणि त्यानं गाठीवर दोन घाव घातले,
परतीची वाट नको म्हणून.

तुमच्या गोष्टीत ही जागा टाळ्यांची असेल.

तीन दिवस कपारीतून धूर येत होता.
वेळ्ळैयनची बायको खाली उभी होती,
वर बघत, हाका मारत, मग नुसती बघत.
भाऊ वर, नवरा मध्ये, आणि गडावर नवं निशाण.
चौथ्या दिवशी धूर नव्हता.
माश्या होत्या.

गड पुढे कुणाकुणाकडे गेला, कोण लक्षात ठेवतो.
पोळी अजून तिथंच लागतात.
फक्त आमच्या घरात दोर भावाकडे देत नाहीत,
बाई स्वतः धरते. हे बघा.
तिनं तळवे पुढे केले.
रेषा म्हणाव्यात अशा त्यांत उरल्याच नव्हत्या.

आणि तो काय म्हणाला होता, मी विचारलं.
एवढ्या पिढ्यांच्या तोंडात झिजलेला तो शब्द
तिनं जपून काढला, अर्थ ठाऊक नसलेल्या
मंत्रासारखा:
बीवुनगो.

माझी मराठी तंजावरची, चार भिंतींत उरलेली,
सांबारात शिजून मऊ झालेली. तरी कळला.
भिऊ नको.

काय अर्थ, रायर?
मी कड्याकडे पाहिलं.
जुना शब्द दिसतोय, म्हणालो,
आता कुणी वापरत नाही.