हीट नंबर

शिरोलीच्या फौंड्रीत बाबा
प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर उठवायचे.
छिद्र निघालं की माल परत,
आणि नंबर बोलायचा :
मंगळवार, दुसरी पाळी, तीन नंबरची भट्टी.

मी उद्यमनगरात, खालच्या लेथच्या घरघरीत
कंपायलर लिहितेय.
तो आधी फाइली गोळा करतो,
एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड,
असा एकच लांब पट्टा अंथरतो.
तीच फाइल पुन्हा मागितली तर : आहे की माझ्याकडं.
मग शब्दाशब्दाच्या पाठीवर एकेक आकडा.
ओळ नाही, नाव नाही,
नुसतं पट्ट्याच्या टोकापासूनचं अंतर.

ओळी मोजायच्या चुकल्यावर.
बिनचूक शब्दाचा पत्ता कोण विचारतंय?

काल पहिल्यांदा बोलला : ओळ एक्केचाळीस.
ओळ खरी. कंस उघडाच राहिलेला.
पण बाण तेवीस घरं पुढं,
मोकळ्या जागेत रोवलेला.
कंसाआधी मी ‘कोल्हापूर’ लिहिलं होतं.
आपल्याला चार अक्षरं,
त्याला सत्तावीस बाइट.

रात्री बाबांना फोन केला.
भट्टीशेजारी बसून कान गेलेत, दोनदा सांगावं लागलं.
मग म्हणाले, “आकडा खोटा न्हाई गं.
मोजपट्टी कुणाची घेतलीस, ते बघ.”