शेरा

कुपवाड एमआयडीसी, गाळा नंबर एकोणचाळीस.
सहा पंप मस्कतला जायचे होते,
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात.
ते तपासायला गिऱ्हाईकाचा माणूस येणार होता.
आली शमसा.
डोक्याला करडा रुमाल, त्यावर हेल्मेट,
पायात माझ्यापेक्षा एक नंबर मोठे सेफ्टी शूज.

मगदूम साहेब हळूच म्हणाले,
तहसीन, तू बोल. तुमच्यातलीच की ती.
आता यांना काय सांगायचं?
माझी अरबी मिरजेच्या गल्लीतली,
सात वर्षं अक्षर न् अक्षर वाचलं,
अर्थ कुणी सांगितला नाही, मी विचारला नाही.

पंपावर पितळी पट्टी होती, अरबीत कोरलेली.
ना ज़ेर, ना ज़बर. मी अडखळत वाचलं: मज़ख्खा.
ती हसली. मिदख्खा, म्हणाली.
म्हणजे?
म्हणजे हा. आणि पंपाच्या पाठीवर थाप मारली.
अर्थासकट आलेला माझा पहिला अरबी शब्द.

टेस्ट बेडवर पाणी सोडलं.
काटा चढत गेला, थांबायचा तिथंच थांबला.
पण चौथा पंप बोलत होता.
बाकी कुणाला ऐकू येत नव्हतं. मला येतं.
माझे आजोबा सतारीची जवारी लावायचे,
घोडीवर कानस, मग तार छेडून बघायची, पुन्हा कानस.
मुलींनी पाटावर बसायचं नाही, एवढाच नियम.
उंबऱ्यावर बसायला मनाई नव्हती.
उंबऱ्यावरच माझे कान तयार झाले.

मी काही बोलायच्या आत तिनं हातमोजा काढला,
तळवा बेअरिंगवर टेकवला, डोळे मिटले.
हा उघडा, म्हणाली.
उघडला. एका गोळीवर केसाएवढा ओरखडा.

दुपारी तिनं विचारलं ते साधंच.
बायकांचं टॉयलेट ऑफिसच्या मागं,
किल्ली डिस्पॅचच्या आरवाडेंकडं,
आरवाडे जेवायला गेलेले.
भिंतीच्या बोटभर सावलीत आम्ही दोघी उभ्या.
वर्गात पोरी किती होत्या, मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.
अर्ध्याहून जास्त, ती म्हणाली,
पदवीच्या फोटोत रुमालच रुमाल.
मग?
मग साइटवर मी आणि एक केमिस्ट.
बाकीच्या कुठं, तर तिनं हात हलवला,
चहावरची माशी उडवावी तसा.
आमच्या पॉलिटेक्निकात चौघी होतो, मी म्हणाले.
एक माधवनगरला शिकवणी घेते.
एकीचा फोन लागत नाही.
तिसरीच्या लग्नात मी जेवून आले.
आरवाडे आले, बोटात किल्ली फिरवत.

अहवालात तिनं सहाही पंप पास केले,
चौथा दुरुस्तीनंतर.
खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
टेस्ट बेडपासून महिलांचे स्वच्छतागृह दोनशे बारा पावले, कुलूपबंद.
पुढील लॉटपूर्वी पूर्तता करावी.

दोनशे बारा. मोजली कधी हिनं?
मगदूम साहेब मोठ्यानं हसले, मग हसू आवरलं,
कारण शेरा मिटल्याशिवाय बिल निघत नाही.
तेरा वर्षं मी तोंडी सांगत होते.
अठराव्या दिवशी गवंडी आला.

नव्या दाराला फक्त आतून कडी आहे.
बाहेरून कुलूप घालायला मी जागाच ठेवू दिली नाही.

पुढच्या लॉटला खालिद नावाचा गृहस्थ आला.
शमसा?
आता ऑफिसात बसते वाटतं, म्हणाला. की सोडलं? विचारून सांगतो.
सांगितलं नाही.

जुलैपासून दोन ट्रेनी पोरी लागल्यात.
एक टिकेल असं वाटतं.
परवा तीच म्हणाली, मॅडम, काटा बरोबर आहे, करा सही.
मी तिचा हातमोजा काढायला लावला.
थांब जरा, म्हटलं,
हा काय म्हणतोय ते बघ.