इतिवृत्त

लाँगटनचा मेथडिस्ट हॉल, मंगळवार, सायंकाळी सात.
उपस्थिती एकतीस. हीटर एक, तोही रुसलेला.
नोंदी घ्यायचं काम माझं, तासावर.

चहा आला, आणि घोट घ्यायच्या आधी
प्रत्येकानं कप डोक्याइतका उचलून
बुडाखालचा शिक्का वाचला. ही इथली खोड;
मयताच्या चहालाही सुटत नाही.
शिक्का परका होता. हे मी लिहिलं नाही.

मेचिन, कारखानदार: भट्टी म्हणजे चूल नव्हे,
रात्री विझवली, सकाळी फुंकली.
गॅसचं बिल त्यांनी टेबलावर पसरलं.
घडी उलगडून उलगडून ते मधोमध फाटलेलं.
सरकारनं निम्मं उचलावं.

उचला की, म्हणाली युनियनची एलेन कोल्क्लो,
मागंही उचललंत. त्यातलं रंगकामाच्या बायकांपर्यंत
किती उतरलं, तो कागद कुठाय?

इल्यास मिर्झांचं बाहेरच्या मगांचं गोदाम.
"लावा जकात. माझी सतरा माणसं मात्र
इथंच घडलीत. त्यांचं बूड तपासा."
हशा. (हशा लिहायचा नसतो.)

लंडनच्या तरुण अधिकाऱ्याकडे यादी होती
राष्ट्राला अत्यावश्यक वस्तूंची.
पोलाद होतं, बॅटऱ्या होत्या, कप नव्हता.
"आणि विजेच्या खांबावर काय बसवतोस, पोरा,
बिस्किट?" मागून कुणीतरी.

ग्लेनिस ब्लूर सर्वांत शेवटी उठल्या.
नवऱ्याच्या छातीत गारेची धूळ अठरा वर्षं होती, म्हणाल्या,
ती काही निर्यात झाली नाही.
थांबल्या. "नातू मात्र रोज विचारतो, भरती कधी."
ठरावाच्या बाजूनं की विरुद्ध, मी विचारलं.
त्या बसल्या.

घाईत माझी लेखणी मराठीत घसरते.
वहीभर चिनीमाती, चिनीमाती:
अडीचशे वर्षं हे लोक इथं भाजताहेत
आणि माझी भाषा अजून त्या मातीला मूळ गाव विचारते.
मलाही विचारतात. असो.

"मतभिन्नता नोंदवण्यात आली."
एवढंच टंकायचं आहे.

नंतर मिर्झा कप विसळत होते, मेचिन पुसत होते.
मेचिननी एकाला नखानं टिचकी मारली. बद्द वाजला.
बाजूला ठेवला. तडा तर कुठं दिसत नव्हता.
कशावरून कळलं?
त्यांनी दुसरा, धड कप
माझ्या कानाशी धरून वाजवला.

समासात मी लिहिलं: नाद.
तो शब्द इंग्रजीत कसा न्यावा, अजून ठरलेलं नाही.