पी शून्य ए ऐंशी

उणे एकतीस. शटर अर्धंच वर,
त्याखालून वाकून आत आला गोम्बोसुरेन,
भुवया पांढऱ्या, गोठलेल्या.
"नुसता दिवा घालव," म्हणाला दुलमाला,
"उद्या गिऱ्हाईक येतंय."

दुलमानं उत्तर दिलं नाही.
हातमोजा दातांनी ओढून काढला,
स्टिअरिंगखाली चाचपडून खाच शोधली,
यंत्राची पिन आत बसवली.
मी टॉर्च धरला.
तीन महिने झाले, मी टॉर्चच धरतोय.

आधी गाडी बोलली. जपानीत,
बँकेतल्या बाईच्या अदबीनं:
कार्ड घातलेलं नाही, असं काहीतरी.
कसलं कार्ड, कुठला टोलनाका.
उलानबातरात अकरा वर्षं ती रोज सकाळी हेच सांगते
आणि माणसं बरं बाई म्हणून निघतात.
नकाशात तिचं घर अजून निगाताला आहे,
आणि आपण उभे आहोत
एका कोऱ्या, बिनरस्त्याच्या जागेत.

मग पडद्यावर उमटलं:
पी शून्य ए ऐंशी.
खाली एक ओळ. बॅटरी बदला.
डॉक्टरनं नाडीही न बघता
दारातूनच सांगावं, तसं.

गोम्बोसुरेनचे ओठ हलले.
तो पैशांत मोजत नव्हता, मेंढ्यांत मोजत होता,
आणि तिशीच्या पुढे गेल्यावर थांबला.

"कोड खोटं बोलत नाही," दुलमा म्हणाली,
"पण कुठे दुखतं तेवढंच सांगतो.
का दुखतं, ते त्याला कुणी शिकवलेलं नाही.
आजार याकला आणि औषध खोगिराला,
असला धंदा मी करत नाही."

मागची सीट निघाली.
खाली वीस तुग्रिकची नोट, लहान मुलाचा एक मोजा,
खेळातलं मेंढीच्या घोट्याचं हाड.
नारिंगी खटका उपसून दहा मिनिटं थांबायचं असतं,
वीज उतरेपर्यंत.
आम्ही खारट चहा प्यायलो.

पंख्याच्या जाळीवर काहीतरी दाट, राखाडी.
दुलमानं बोट लावलं, ते रुतलं.
"शेळ्या नेल्यास यातून?"
तो कपात बघत राहिला.
"लोकरीची पोती नेली. दर वसंतात."
मग, बऱ्याच वेळानं:
"आणि एकदा करडं. एप्रिलात बर्फ पडलं तेव्हा.
आईवेगळी नऊ.
याच बाजूला दाटीनं झोपली होती."
"जगली?"
"सात."

तिनं चिमट्यानं लोकर उपसली, धाग्याधाग्यानं,
जाळी फुंकून उजेडात धरली.
मग अठ्ठावीस खाने, एकेक करून.
सात पूर्णांक आठ. सात आठ. सात सात. सात आठ.
मी आकडे वहीत लिहीत गेलो
आणि सतराव्यापाशी पेन अडलं:
सहा पूर्णांक दोन.
"हा," ती म्हणाली. बाकी काही नाही.
सत्तावीस जणांचं दुखणं
एकाच्या गळ्यात होतं.

मोडीतल्या गाडीचा एक खाना आला त्याच्या जागी.
तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या;
दुलमानं ब्रश माझ्या हातात दिला,
टॉर्च स्वतः धरला.
मी इतकं घासलं की बोटं दिसली पट्टीत.

कोड पुसला तो सगळ्यात शेवटी.
त्रिकोण विझला. सगळे तिकडेच बघत होतो,
पुन्हा पेटतोय का म्हणून.
"गिऱ्हाइकाला सांग," दुलमा म्हणाली.
"काय?"
"सतरावा खाना जुना आहे म्हणून."
"आणि करडांचं?"
"ते तुझं तू बघ."

त्यानं लोकर मुठीत घेतली, दाबून पाहिली,
खिशात घातली. भाव ठाऊक असलेला माणूस.
किल्ली फिरवली. बाई म्हणाली, कार्ड घातलेलं नाही.
"माहीत आहे," तो म्हणाला तिला,
हळूच, मंगोलीत,
आणि बर्फात मागे मागे घेत गेला गाडी.

माझ्या हातात ब्रश तसाच.